तुझी बाटली, माझी बाटली

बाय, आपलं भांडण अर्धंच राहिलं.

तू गेलीस तेव्हापासून घरात माणसं येऊन बसतात. तुझ्याबद्दल चांगलं तेवढं बोलतात आणि चहा घेऊन जातात. मी मान खाली घालून ऐकते. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो, हे तुला नव्याने सांगायला नको. पण खरं सांगू? त्यांच्यासारखं चांगलंचुंगलं माझ्या मनात येतच नाही. मनात एकच गोष्ट फिरत राहते. मी माझ्या गोळ्यांची बाटली तुझ्यापुढे ठेवली होती आणि तू ती उचलून परत माझ्या ओटीत टाकलीस. माझी गोळी खरी असेल, तर ती घेऊन तू वाचली असतीस का? हे मी कोणाला विचारू? डॉक्टरांना माहीत नाही. दवाखान्यातल्या शबानाला माहीत नाही. ज्या संगणकाला माहीत आहे तो कुठे पुण्यात आहे म्हणे.

म्हणून तुलाच विचारते.

मी या घरात आले तेव्हा तू आधीच इथली होतीस, थोरली जाऊ. हळद उतरायच्या आत तुझ्या माहेरच्या बायका उरणहून मला बघायला आल्या. मी कोणाशी काही बोलेना. एकीने विचारलं, "काय गो, मुकी आनलीस काय?" तू भाकरी थापत होतीस. तिथूनच म्हणालीस, "मुकी नाय. तिचं बोलनं महाग हाय. तुमचं स्वस्त हाय, तुमी बोला." त्या दिवसापासून मी तुझ्या मागे उभी राहिले ती राहिलेच. बाजारात भाव तू करायचीस, दवाखान्यात माझं दुखणं तू सांगायचीस. मी चौथी शिकलेली, तू शाळेचं तोंड न पाहिलेली. तू बोलायचीस आणि मी पाट्या वाचायचे. दोघी मिळून आपलं एक माणूस पुरं व्हायचं.

साखरही आधी तुला लागली, मागून मला. तू हसलीस. "माजं जुनं लुगडं दिलं तर नाक मुरडतस. आजार मात्र लगेच घेतलास."

पनवेलच्या दवाखान्यात आपली लघवी तपासली आणि त्यात काहीतरी जातंय असं निघालं, जे जायला नको. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला साखरेचा त्रास सुरू झालाय, दोघींच्याही. घाबरायचं कारण नाही, गोळ्या आहेत. आणि मग म्हणाले, एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे, तुम्ही त्यात येता का? नेहमीच्या गोळ्या चालूच राहतील. ही एक वरून.

समजावून सांगायला शबाना बसली. पनवेलच्या मोहल्ल्यातली पोर, डोक्याला ओढणी, हातात पेन. पहिल्या दिवसापासून ती तुला खाला म्हणायची, मला मावशी; अर्थ एकच. ती म्हणाली, "खाला, नीट ऐका. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार. निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, ते संगणक ठरवणार. मला माहीत नसणार, डॉक्टरांना नसणार, तुम्हालाही नसणार."

"आन ज्याला रिकामी मिळंल त्यानं काय पाप केलं?" तू विचारलंस.

"पाप नाही हो. दोन्ही बाजू असल्याशिवाय खरीचा गुण आला की आपोआप बरं वाटलं, ते कळणार कसं?"

तू माझ्याकडे वळलीस. "म्हंजे लगीन झालं तसंच. दोन भाऊ, बाहेरून सारखे. कोनाला कुठला, ते देवाला ठाव."

शबाना इतकी हसली की तिच्या हातातलं पेन पडलं. आपण दोघींनी हो म्हटलं. मी सही केली, तू अंगठा दिलास. मग तू गल्लीत सांगितलंस आणि साखरवाल्या आणखी बायका आल्या, हिराबाय, नर्मदा आणि बाकीच्या. दवाखान्यात शबाना म्हणायची, "तुमच्या एका गल्लीनेच माझं निम्मं काम केलं."

ते काम कसं बिघडलं, ते आठवलं की अजून हसू येतं बाय, आणि हसता हसता रडू येतं.

आपल्या गल्लीत एका घरी मासळी जास्त आली की ती एकटं कोणी खात नाही. तू परात काढायचीस, सगळी मासळी ओतायचीस, आणि घरांप्रमाणे वाटे घालायचीस. तुझा हात तराजूसारखा. तरी हिराबायची रड ठरलेली, "माज्या वाट्यात डोकीच जास्त." दुसऱ्या दिवशी जिच्याकडे मासळी असेल ती वाटे घालणार. जमिनी सिडकोत गेल्या, मिठागरं गेली, पोरं द्रोणागिरीच्या गोदामांत कामाला लागली, पण परातीतले वाटे राहिले.

तर हिराबायच्या पायाची सूज उतरली. तिने गल्लीभर पाय दाखवले. झालं, हिराबायची गोळी खरी! मग नर्मदा रडायला लागली. तिची सूज होती तशीच होती. "माज्या नशिबाला पीठ आलं," म्हणाली. दोघी समोरासमोर राहणाऱ्या, एकमेकींकडे मीठ मागणाऱ्या, पण हिराबायला नर्मदाच्या डोळ्यांत बघवेना. आणि तुला ते बघवेना.

दुपारची वेळ होती. तू परात घेऊन ओट्यावर बसलीस आणि हाक मारलीस, "बाटल्या आना गो सगळ्यांनी!"

सगळ्यांनी बाटल्या आणल्या. तू एकेक उघडून परातीत ओतलीस. पांढऱ्या गोळ्या, सगळ्या सारख्या. हाताने कालवल्यास, जसा भात कालवतात. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाय, बाटलीवर आपापलं नाव हाय."

"नाव बाटलीवर हाय. गोळीवर कुठं हाय?"

आणि वाटे घातलेस. एका गल्लीत एकीने औषध खायचं आणि दुसरीने पीठ, हे तुला पटलं नाही. आता प्रत्येकीच्या वाट्याला थोडं खरं, थोडं खोटं. हिराबाय म्हणालीच, "माज्या वाट्यात पीठच जास्त वाटतंय." सगळ्या हसल्या. मीसुद्धा. किती बरं वाटलं होतं त्या दिवशी.

तू हे लपवलं नाहीस. तुझ्या मते तू चांगलं काम केलं होतंस. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेल्या गेल्या तूच शबानाला सांगितलंस, "पोरी, तुजं ते खरं-खोटं आमी मिटवून टाकलं."

शबानाचा चेहरा पांढरा पडला. "या अल्लाह! खाला, काय केलंत हे?"

डॉक्टर तर ओरडलेच. कोणाच्या गोळीचा कोणाला त्रास झाला असता तर? सगळ्या गल्लीला बोलावून रक्त घेतलं. कोणाला काही झालं नव्हतं, नशीब. घरी येताना रिक्षात तू गप्प होतीस. तू गप्प, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तेवढंच.

मग ते सर आले. पुण्याचे, तरुण, चष्मा लावणारे. शबाना म्हणाली, या अभ्यासाचे आकडे हे बघतात.

"आकडेवाला म्हंजे मटक्याचा काय?" तू मला विचारलंस, पण त्यांना ऐकू जाईल असं.

सर हसले. आपल्या ओट्यावर बसले. ओरडले नाहीत. तू त्यांना चहा दिलास आणि थेट विचारलंस, "कवढं नुसकान केलं मी?"

ते म्हणाले, "सांगतो. पण आधी तुम्ही सांगा, वाटून का घेतल्यात?"

तू मासळीचं सांगितलंस. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाय, या गोळीचा गुण असला तर तो थोडाच असणार. एकीला बघून तो कळत नाही. एकीची सूज मीठ सोडल्याने उतरते, एकीची पथ्याने, एकीची उगाच. म्हणून पुष्कळ माणसं घ्यावी लागतात. पुष्कळांत असं उगाच उतरणं दोन्हीकडे सारखं पडतं, आणि मग उरलेला फरक असेल तर दिसतो. गुण मोठा असता तर थोड्या माणसांत कळलं असतं. गुण लहान, तर माणसं जास्त. किती लागतील त्याचा हिशोब मी आधी मांडतो."

मग तुझ्या बापाच्या मिठागराचं सांगितलंस. तुझ्या बापाने एका वर्षी एका वाफ्याची जमीन जास्त तुडवून घेतली होती. त्या वाफ्याचं मीठ पांढरंशुभ्र आलं. बाप म्हणाला तुडवल्यामुळे, चुलता म्हणाला वाऱ्यामुळे. दोघे पुढच्या वर्षी बघणार होते. पण मधला बांध फुटला आणि तुडवलेल्या वाफ्याचं पाणी न तुडवलेल्यात गेलं. "मंग कसलं कळतंय! सगळंच मीठ सारखं. दोगं मरेपर्यंत भांडत होते."

सर म्हणाले, "तेच झालंय. दोन्ही वाफ्यांत एकच पाणी. आता गोळीत गुण असला तरी फरक कमी दिसेल. आणि फरक कमी, तर माणसं आणखी लागतील."

"मंग आमाला काडून टाका. आमची गल्लीच सोडा."

"तसं नाही करता येत. चुकलेल्यांना काढत गेलो तर उरतील ते फक्त शहाणे. गोळी काय शहाण्यांनाच द्यायचीय? संगणकाने ज्या बाजूला टाकलं, त्याच बाजूला तुम्ही शेवटपर्यंत."

मग म्हणाले, "मी मांडलं तेव्हा काही गोष्टी धरून चाललो होतो. काही लोक मध्येच सोडून जातील, ते धरलं होतं. म्हणून थोडी जास्तच माणसं घेतली. काही जण गोळी विसरतील, तेही धरलं होतं. पण कोणी परातीत ओतून वाटे घालतील, हे नव्हतं धरलं."

हिराबाय मागून म्हणाली, "आमच्यात राहून बगा चार दिस. मंग धराल."

"आणि अजून एक धरलं होतं," ते आपल्या दोघींकडे बघून म्हणाले. "प्रत्येक माणूस वेगळं. एकीचं दुसरीला लागत नाही."

"आमची चूल एक, वाट एक, दुखनं एक," तू म्हणालीस. "आन तुज्या कागदावर दोन?"

"कागदावर दोन, बाय."

त्यांनी जाताना हात जोडले. म्हणाले, यापुढे आपापली गोळी आपणच घ्या, एवढंच मागतो. सोडायचं असेल तर सोडा, तो तुमचा हक्क आहे, कोणी रागावणार नाही. पण सोडलंत तरी तपासणीला येत राहा. तू म्हणालीस, "नाय सोडत. आन परात परत निघायची नाय, हा माजा शब्द." त्यांनी तो शब्द किती धरला मला माहीत नाही. तू मात्र धरलास. गल्लीत कोणी बाटली बदलायचं नुसतं म्हटलं तरी तू डोळे वटारायचीस. सकाळी माझ्या दारात येऊन, "घेतलीस? तुजीच ना?" असं विचारून मगच दात घासायला जायचीस.

आणि मग तुझे पाय सुजले.

आधी संध्याकाळी, मग सकाळीही. बोट दाबलं की खळगा राहायचा. डोळ्यांखाली फुगलं. तुझ्या तपासण्या खराब येऊ लागल्या आणि माझ्या चांगल्या. डॉक्टर माझा कागद बघून हसायचे आणि तुझा कागद बघून चष्मा काढायचे. मी परत येताना माझा कागद पिशवीत तळाला घालायचे. चांगलं निघाल्याची लाज वाटावी, असं कधी ऐकलंयस?

तू मागच्या अंगणात सुकट निवडत होतीस. तुला खायची बंदी होती, तरी घरच्यांसाठी तूच निवडायचीस. मी माझी बाटली आणून तुझ्यापुढे ठेवली.

"ही तू घे."

"कनाला?"

"माजी खरी हाय, बाय. माजी लगवी साफ आली. तुजी रिकामी हाय. मना दिसतंय ना."

"आन तू?"

"तुजी घेईन मी."

"म्हंजे आज मी सुजलंय, उद्या तू सूज. अकलेची हायस!"

"थोडे दिस तरी. नायतर अर्दी-अर्दी."

तू बाटलीकडे बघितलंस. मी बघत होते तुला. तुला ती हवी होती. मला दिसलं, बाय. मरायची हौस कोणाला असते? तुझा हात सुकटीतून बाहेर आला, थांबला, आणि मग तू म्हणालीस, "तुजी साफ आली ती गोळीनं आली? का माजं ऐकून मीठ सोडलंस म्हनून आली? तुला काय ठाव?"

"मना ठाव हाय."

"हिराबायलाबी ठाव होतं."

"त्या सराला शब्द दिलास म्हनून नाय घेत तू!"

"बांध मी फोडला होता, सुमन. माज्या हातानं. सगळ्यांचं पानी एक केलं आन कोनाला काय लागू पडलं ते कोनालाच कळलं नाय. परत नाय."

तेव्हा माझा आवाज फुटला. शेजारची कोंबडी पळाली इतका. मी म्हटलं, "तुला त्यांचा हिशोब पायजे, मी नको! कोन ते लोक? कोनाला तरी कुठं तरी गुन येनार म्हनून तू मरनार?"

तू बाटली उचललीस. माझ्या ओटीत टाकलीस. आणि काय म्हणालीस? "इतक्या वर्सांत पयल्यांदा माज्यावर ओरडलीस. बरं वाटलं मना."

मी उठून गेले. माझं बोलून झालं नव्हतं. मला म्हणायचं होतं, की तो बांध फोडलास तेव्हाच तू बरोबर होतीस. ओट्यावरची ती दुपार बरोबर होती. मला हेही म्हणायचं होतं, की मला ते सर आवडतात, ते खोटं बोलले नाहीत, त्यांचं सगळं मला समजलं. समजूनही मला ते नको होतं. पुष्कळ माणसांत फरक दिसतो, हे मला कळतं. माझ्याकडे पुष्कळ माणसं नव्हती. माझ्याकडे तू होतीस.

ते बोलायचं राहिलं, ते राहिलंच. नंतर तुझं डायलिसिस सुरू झालं आणि तू रोडपालीला लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलीस, तिथून सेंटर जवळ म्हणून. अभ्यासाची गोळी तुझी बंद केली. मी यायचे तेव्हा तुझी लेक असायची, जावई असायचा, टीव्ही लागलेला असायचा. भांडायला जागा नव्हती. तू मशीनवरून आलीस की दमून पडायचीस. तुझ्या हाताला जिथे सुई लावत, तिथे शीर फुगून दोरीसारखी झाली होती. मी त्यावर तेल लावायला गेले तर म्हणालीस, "नको गो, गुदगुल्या होतात." शेवटच्या खेपेला मी निघताना डोळे मिटूनच विचारलंस, "घेतेस ना रोज? तुजीच?"

मी म्हटलं, "घेतंय."

खरंच घेत होते. रागाने घेत होते, पण घेत होते.

तू गेल्यावर माझी साखर भडकली. जेवण जात नाही, झोप नाही, चालणं बंद. पाय मलाही जड वाटतात. शबाना फोनवर विचारते, "गोळी चुकली का?" गोळी चुकली नाही. सरांनी धरलं होतं ना, एकीचं दुसरीला लागत नाही? ते चुकलं. तुझं मला लागलं, बाय. ते कुठल्या रकान्यात भरायचं, हे शबानाला कळेना, मलाही सांगता येईना.

तुझे दिवस घालून झाले आणि घरातून तुझं नाव निघू लागलं. रेशनकार्डावरून निघालं. मतदार यादीतून काढायला पोराने अर्ज दिला. दारावरच्या पाटीवर तुझं कधी नव्हतंच. तुझा मोबाइल लेकीने बंद करून टाकला. रस्त्यावर भेटणाऱ्या माणसांनी आता "तुमच्या घरात किती जण?" असं विचारलं की पोरं एक कमी करून सांगतात. बरोबरच आहे. पण दर वेळी मी मनातल्या मनात एक वाढवते.

गल्लीतल्या बायका तर घाबरून गेल्यात. नर्मदा आली, माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आमी सगळ्या सोडतोय. बायनं इतकं पाळलं, काय झालं तिचं? तू काय करतस? तू सोडशील तर सगळ्या सोडू." मनात माझं ठरलं होतं. मी तर त्यांच्याही आधी सोडणार होते. बाटली परत करून मोकळी होणार होते.

काल गेले पनवेलला. एकटीच. शबाना खुर्चीतून उठली, तिने मला जवळ घेतलं, आणि तीच रडली. मी बाटली टेबलावर ठेवली. म्हटलं, "मना नको आता."

ती म्हणाली, "ठीक आहे, मावशी. तुमचा हक्क आहे. कोणी काही बोलणार नाही." तिने कागद काढला. मी सही करायची होती.

पेन हातात घेतलं आणि मला विचारावंसं वाटलं. तुझ्याशिवाय मी कधी दवाखान्यात प्रश्न विचारला नव्हता. "बायचं काय करनार?"

"म्हणजे?"

"तिचं नाव कदी काडनार?"

शबानाने माझ्याकडे बघितलं. "खालांचं? नाही काढत, मावशी."

"मेली ना ती."

"म्हणून काय झालं? गेलेल्यांना काढलं तर मोजणीच खोटी होईल. मग जगले तेवढेच मोजल्यासारखं होईल. त्या शेवटपर्यंत आहेत. ज्या बाजूला होत्या त्याच बाजूला. कोणाला काढता येत नाही त्यांना. डॉक्टरांना नाही, सरांनाही नाही."

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझा हात धरला.

बाय, मी तिथे बसून राहिले. बाहेर नंबरासाठी माणसं ओरडत होती. मी विचार करत होते, की सगळीकडे तुला वजा केलं. एकच जागा अशी, जिथे तू गेल्यावरही एक मोजली जातेस, पूर्ण एक. अर्धी नाही, आठवण म्हणून नाही. तुझी सूज, तुझं मशीन, तुझं जाणं, सगळं तिथे धरलेलं आहे आणि ते गाळता येत नाही. आणि मी तिथून उठून जायला निघाले होते.

सही न करताच मी कागद परत केला. शबानाने तो बाजूला सारला. माझं रक्त घेतलं, वजन केलं, साखरेबद्दल रागावली. नवी बाटली दिली.

घरी आले तर नर्मदा ओट्यावर बसलेली. "दिलीस परत?"

"नाय."

"खरी हाय का ती तरी?"

"नाय ठाव."

"मंग कनाला घेतस?"

मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. तू असतीस तर तिला हसवलं असतंस. मी तिला एवढंच म्हटलं, की बाय त्यात अजून हाय. तिला वाटलं मी भ्रमिष्ट झाले. मग मी शबानाचं सगळं सांगितलं, जसं आठवेल तसं, अडखळत. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "सोमवारी माजी तारीख हाय. चल माज्यासंगं." कदाचित सगळ्या येतील. कदाचित दोघीतिघी सोडतील. ते सरांनी धरलेलंच आहे.

तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, हे तू धरून चाल. तू माझी बाटली घ्यायला हवी होतीस. ती पिठाची निघाली असती तरी घ्यायला हवी होतीस, माझ्यासाठी. यावर मी तुझ्याशी भांडतच राहणार आहे आणि आता तुला उठून जाता येणार नाही.

मोजणी संपेल तेव्हा शबाना मला बोलावून सांगणार आहे, तुझ्या बाटलीत काय होतं आणि माझ्या बाटलीत काय. कदाचित तुझी खरी निघेल आणि माझी रिकामी. कदाचित दोघींची एकच. आपण दोघी एका बाजूला आहोत की समोरासमोर, ते तेव्हा कळेल. तोवर तू तिथे आहेस, तर मीही आहे.

आज सकाळी नव्या बाटलीचं झाकण काढलं आणि माझी गोळी मी घेतली.